शंकरला जामीन राहिले त्याबद्दल

मंगळवारी सुट्टी टाकून कोर्टात गेले होते. चाकणच्या ज्या कंपनीत मी एचआरला आहे, तिथला कंत्राटी हेल्पर शंकर, त्याला जामीन राहायला. नऊ महिने आत होता तो...

मागच्या वर्षी आमच्या स्टोअरमधून तांब्याची केबल गेली. पोलीस आले, कामगारांची यादी मागितली. यादी चाळता चाळता पोलीस साहेबांनी सहज विचारलं, "मॅडम, यात कुणी पारधी आहे का हो?"

आणि मी शहाणीने क्षणाचाही विचार न करता शंकरच्या नावाभोवती पेनाने गोल काढला! मला ठाऊक होतं ना. कामावर घेताना आधार कार्ड मागितलं तर पठ्ठ्याने जातीच्या दाखल्याची झेरॉक्ससुद्धा जोडली होती, कागद कमी पडायला नको म्हणून. केबल गेली तेव्हा तो रजेवर होता. ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आम्ही बौद्ध. माझं आडनाव ऐकून कुणी "अच्छा अच्छा" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मग त्या दिवशी कुठे गेलं होतं ते डोकं? लाज वाटते लिहिताना.

जामीन त्याला दुसऱ्याच महिन्यात मंजूर झाला होता. पण जामीनदार हवा, स्वतःच्या घराची टॅक्स पावती असलेला. पालावर राहणाऱ्या माणसाला असा कोण भेटणार? त्याची बायको शालन कुरुळीहून कंपनीच्या गेटवर यायची, दिसेल त्याला विचारायची. सगळे मान खाली घालून आत. मीसुद्धा... सात महिने.

शेवटी राहवेना. पिंपळे गुरवच्या फ्लॅटची पावती घेऊन गेले, सही केली. बाहेर शालनने माझे हात धरले आणि मला रडूच फुटलं. बोलून टाकलं, "अगं, त्याचं नाव पोलिसांना मीच दाखवलं होतं."

"म्हाईत हाय ताई," ती शांतपणे म्हणाली. "चौकीत मारताना त्यास्नी सांगितलं व्हतं, मॅडमनी नाव दिलंय म्हनून."

"तरी माझ्याकडे आलीस?"

"मग कुनाकडं जाऊ? तुमीच तेवढ्या वळखीच्या."

घरी सांगितलं तर सगळे म्हणाले, किती मोठ्या मनाची बाई, माफ केलं तुला. नाही हो. माफ करायचं की नाही, एवढं ठरवण्याइतकीही जागा आम्ही तिला ठेवली नव्हती.