फेकलेल्या सफरचंदांची वही

शरदचंद्र मुजुमदारांनी चौतीस वर्षं जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका कारखान्यात गिअरचे दाते मोजले. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा फरक असला तरी माल परत. निवृत्तीनंतर मोजायला दाते उरले नाहीत, तेव्हा ते शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यांत डोकावू लागले. कुणी प्लास्टिकच्या पिवळ्या डब्यात पुठ्ठा टाकला की त्याच्या दारावर चिठ्ठी. सुवाच्य अक्षरात, कलमांसह.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला आणि ते डावा पाय ओढत चालू लागले. बायकोचे, शुभाताईंचे, गुडघे आधीच गेलेले. ड्रेस्डेनच्या लेकीनं, ईप्सितानं, फोनवरूनच ठरवलं: आठवड्यातून तीन दिवस बाबा टागेसफ्लेगेत जातील. सकाळी पांढरी गाडी येऊन न्यायची, चारला परत आणायची. शुभाताई त्याला म्हाताऱ्यांचं पाळणाघर म्हणत. त्या तीन दिवसांबद्दल मैत्रिणींशी बोलताना त्यांचा आवाज वीस वर्षांनी तरुण व्हायचा.

पहिल्याच आठवड्यात शरदचंद्रांना तिथे अकरा दोष सापडले. दहा किरकोळ होते. अकरावा मात्र खरा होता: दुपारी पंधरा म्हाताऱ्यांना सांभाळायला मिळून दोनच बायका. संडासात घंटा दाबून ते एकदा वीस मिनिटं बसून राहिले होते, आणि घड्याळ हातात होतं.

त्यांनी जिल्ह्याच्या देखरेख खात्याला चार पानी पत्र लिहिलं.

“अहो, जिथे जेवता तिथलीच तक्रार?” शुभाताई म्हणाल्या.

“लायसन्स तीन बायकांवर दिलंय. आहेत दोन. गेनाऊ, बरोब्बर दोन.”

महिन्याभरानं न कळवता दोन अधिकारी आले. त्यांनी ड्यूटीचा तक्ता मागवला. तक्त्यात तीन नावं होती. तिसरी बाई फेब्रुवारीपासून कंबर धरून घरी पडली होती, पण कागदावर ठणठणीत होती आणि खाली सहीही होती. अधिकाऱ्यांचं समाधान झालं. तेवढ्यात त्यांना स्वयंपाकघरातून दालचिनीचा वास आला.

आत फ्राऊ ब्रांडेस सफरचंदं सोलत होत्या. वय शहाऐंशी. चाळीस वर्षं शाळेच्या खानावळीत स्वयंपाक केलेली बाई. दर मंगळवारी सगळ्यांसाठी सफरचंदाचा मुरंबा करायची, म्हणून तर घरातून निघायची. हातमोजे नव्हते. आरोग्याचं प्रमाणपत्र नव्हतं. त्यातून ती पाहुणी. तिथे म्हाताऱ्यांना पाहुणे म्हणतात. एका अधिकाऱ्यानं सुरीचं पातं मोजून घेतलं.

तीन आठवड्यांनी संस्थेला नोटीस आली. बाराशे युरो दंड, पाहुण्यांना स्वयंपाकघरात मनाई, आणि त्रुटी दूर होईपर्यंत नवा पाहुणा घ्यायचा नाही. शरदचंद्रांना वेगळं पत्र आलं: आपल्या जागरूकतेबद्दल आभार. ते त्यांनी शुभाताईंना दोनदा वाचून दाखवलं.

मंगळवारी ते गेले, तर स्वयंपाकघराला कुलूप. मुरंबा प्लास्टिकच्या सीलबंद कपांत. दोन बायकांपैकी एक दुपारभर ऑफिसात त्रुटीनिवारणाचे फॉर्म भरत बसली, म्हणजे पंधरांना उरली एकच. फ्राऊ ब्रांडेस कागदी रुमालाची घडी घालत होत्या आणि मोडत होत्या.

“हेर मुजुमदार, माझं काय चुकलं हो?” त्यांनी विचारलं.

शरदचंद्रांनी रात्री घरी हे शुभाताईंना सांगितलं. “झालं समाधान?” शुभाताई म्हणाल्या, “म्हातारीच्या हातातली सुरी काढून घेतलीत.”

दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी नव्हती, तरी ते बस पकडून संस्थेच्या प्रमुख फ्राऊ ल्यूडर्सकडे गेले. “पत्र मी लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे. परिच्छेदांना नंबर घालणारा इथे दुसरा कोण आहे?”

“नोटीस वाचायला द्या.”

दोन दिवस त्यांनी ती वाचली. मनाई स्वयंपाकघरात होती. जेवणघराचा उल्लेख नव्हता. त्यांनी टेबल जेवणघरात आणायला लावलं, स्वयंपाकघराच्या दारापासूनचं अंतर टेपनं मोजलं आणि सफरचंद सोलण्याला ‘बोटांचा व्यायाम’ असं नाव देऊन खात्याला कळवलं. उत्तर आलं: व्यायामाला हरकत नाही. मात्र व्यायामात वापरलेली फळं खाण्यास अयोग्य; ती रोज फेकावीत आणि तशी नोंद सहीनिशी ठेवावी.

वही शरदचंद्रांकडे आली. ‘सफरचंदं, अडीच किलो, नष्ट केली,’ असं लिहून त्यांनी पहिली सही केली तेव्हा तोंडात अजून मुरंब्यातल्या दालचिनीची चव होती. सहीआधी त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं होतं. तिसऱ्या मंगळवारी एकदाही ठेवलं नाही.

फेरतपासणीला तेच अधिकारी आले. “इतकी नेटकी वही अख्ख्या जिल्ह्यात नाही,” असं म्हणून त्यांनी बंदी उठवली.

“आणि तिसरी बाई?” शरदचंद्रांनी विचारलं.

अधिकाऱ्यानं तक्ता पाहिला. “आहे की.”

दोन नवे पाहुणे आले, सतरा झाले. दंड माफ झाला नाही. पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाच्या जेवणाचा दर दिवसाला ऐंशी सेंटनी वाढला. शुभाताईंनी बिल नवऱ्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि बेरीज तपासली. बरोबर होती.