हळदीच्या व्हिडिओवर झालेली निवड

लागोपाठची दुष्काळी वर्षं होती. कॉलेजच्या मैदानावर मारायला पाणी नव्हतं. पोरं धावायला लागली की नुसती धूळ धावताना दिसायची. शहराबाहेर बीड बायपासला मात्र काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्यातल्याच एकीत खेळाडूंना बाहेरच्या, अगदी परदेशातल्याही कॉलेजांत प्रवेश मिळवून देणारं ऑफिस उघडलं. मी क्रीडाशिक्षक. इतक्या वर्षांत मला कुणी शाल दिली नव्हती. त्यांनी उद्घाटनाला बोलावून दिली. मग मीही चार कौतुकाचे शब्द बोललो. ते शब्द माझ्या फोटोसकट त्यांच्या पत्रकावर छापून आले. बायकोनं पत्रक अख्ख्या गल्लीत फिरवलं.

माझ्याकडं फुलंब्रीजवळच्या वस्तीवरची एक मुलगी सरावाला यायची. आठशे मीटरला तिच्या जवळपास कुणी नसायचं. वडील मेंढ्या राखायचे. माझा फोटो बघूनच त्यांनी त्या ऑफिसात तिचं नाव घातलं, मूळ प्रमाणपत्रं दिली, तिच्या धावण्याचा व्हिडिओही दिला.

एका सकाळी ती मैदानावर आली आणि सराव सोडून माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, घोटाळा झाला. धावण्याचा पेनड्राइव्ह घरीच ऱ्हायला. त्यांच्याकडं मावसबहिणीच्या हळदीचा गेला."

"मग काय म्हणाले ते?"

"परदेशातल्या कोचनं व्हिडिओ पाह्यला म्हणं. माझं सिलेक्शन झालं."

"हळदीवर? त्यात तू धावतेस तरी का?"

"एकदा धावते. मामी हळद घेऊन मागं लागली तवा."

मी पोट धरून हसलो. मग पत्रकावरचा माझा फोटो आठवला.

दुसऱ्या दिवशी ती, तिचे वडील आणि मी त्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी माझ्यासाठी चहा सांगितला. मी विचारलं, "कोचला हिचं नेमकं काय आवडलं?"

"स्ट्राइड, सर, लंबे कदम! और फिनिश तो पूछो मत."

"फिनिशला ती न्हाणीत पडली व्हती," वडील शांतपणे म्हणाले.

साहेबांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. मी हळदीची हकिगत सांगितली आणि प्रमाणपत्रं परत मागितली. ती मुंबईच्या मुख्य ऑफिसात आहेत, पंधरा दिवस लागतील, असं उत्तर आलं.

"पंधरा दिवस का? बरं." वडिलांनी खांद्यावरची घोंगडी त्या चकचकीत फरशीवर अंथरली आणि मांडी घालून बसले. आत येणारा प्रत्येक पालक विचारायचा, काय झालं? ते हळदीपासून न्हाणीपर्यंत सगळं सांगायचे, घाई न करता. सिल्लोडहून आलेल्या एका बाईंनी तर मामीचं पुढं काय झालं तेही विचारून घेतलं. तिसऱ्यांदा सांगून होईपर्यंत मुंबईची प्रमाणपत्रं साहेबांच्या टेबलाच्या खणातून निघाली.

मग मला उठावंच लागलं. "पत्रकावरचा माणूस मीच," मी पालकांना म्हणालो. "काही चौकशी न करता बोललो, चूक झाली. कॉलेजात थेट फोन करा. मूळ कागद दाखवा, पण कुणाकडं ठेवू नका." बोलताना कान तापले होते. त्या बाई म्हणाल्या, "हे आधी सांगायचं ना, सर."

पुण्याच्या एका कॉलेजात मीच फोन लावला. तिथले क्रीडाशिक्षक म्हणाले, "गुरुवारी मैदानावर घेऊन या." बस्स, एवढंच.

तिथं गवतावर फवारे चालू होते. ती थबकून म्हणाली, "सर, हितं जनावरं चरतेत का?"

निवडीच्या शर्यतीत ती तिसरी आली. खेळाडूंसाठी वसतिगृहाच्या जागा दोनच होत्या, पण पहिली आलेली मुलगी पुण्याचीच निघाली, तिला जागा नको होती. पोचवायला आलेल्या वडिलांनी खोली पाहिली नाही, खाट पाहिली नाही. न्हाणीघरातला नळ तीनदा सोडला, तीनदा बंद केला. मग रेक्टरबाईंना म्हणाले, "रोज येतं व्हय? मग ऱ्हाऊ द्या पोरीला."