बांधून ठेवलेली मोटार

नोटीस आली तेव्हा महेंद्रचा उजवा हात कोपरापर्यंत नदीत होता. नदी म्हणायचं आपलं. वरच्या शहरांनी धुऊन, गाळून, ओकून टाकलेलं सगळं वाहत वाहत राहू गावाच्या शिवारात येतं आणि काठाला फेस धरून बसतं. विहिरीत पाणी आणणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जी जाळी असते, तिच्यात जलपर्णीची मुळं, केसांचे गुंतवळे आणि फुगलेले डायपर अडकले होते. ते हातानंच काढायचं. त्याला यंत्र नाही, हातमोजा नाही. आहे तो महेंद्र. पंचायतीचा शिपाई वरच थांबला, नाकाला रुमाल लावून, कागद दोन बोटांत धरून.

"हात धू आन् सही कर."

"कशानं धुवू? ह्याच पाण्यानं?"

शिपायानं कागद दगडाखाली ठेवला आणि गाडीला किक मारली.

कागदावर लिहिलं होतं की, नळपाणी योजनेला दोन मोटारी आहेत, एक चालू आणि एक स्टँडबाय. चालू मोटार जळाली तर दुसरी लगेच लावता येते. असं असूनही बारा दिवस नळ कोरडे आहेत. सबब हा पंपचालकाचा निष्काळजीपणा असून, त्याला कामावरून कमी का करू नये याचा खुलासा त्यानं एक मेच्या ग्रामसभेत करावा. सोबत योजना आखणाऱ्या साहेबाचा गणिताचा कागद: दोन मोटारी असताना वर्षातून चार दिवसांवर पाणी बंद राहणार नाही.

चार दिवस! महेंद्र थुंकला.

तो बुद्धविहारामागच्या वस्तीतला, पंचेचाळिशीचा. तरुणपणी रांजणगावला ठेकेदाराच्या हाताखाली राबला, कंपनीच्या बसमध्ये उभ्यानं झोपला, आणि दुसऱ्यांची कामं बघत बघत वायरिंग शिकला. गेली अकरा वर्षं गावाचा पंपचालक. नदीतून काठच्या विहिरीत आलेलं पाणी टाकीत चढवायचं आणि टाकीतून गावात सोडायचं. वरच्या आळीला आधी, वस्तीला शेवटी. पाइपच तसा टाकलेला. कमी पडलं की कुणाला कमी पडायचं ते पाइप टाकणाऱ्यानंच ठरवून ठेवलेलं. बियाण्याच्या कंपनीनं फुकट वाटलेल्या डायरीत तो रोज नोंद करायचा, मोटार कधी चालू, कधी बंद, का बंद. शाळा सातवीपर्यंत, पण डायरीला एक दिवसाचा खाडा नाही. ह्याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायचाही नाही.

आता ती नोकरी जाणार होती. कुणाला मिळणार हेही गावाला माहीत होतं. सरपंचबाईंचे मालक आनंदराव, म्हणजे खुर्चीत बाई आणि बोलायला हे, यांचा पुतण्या पृथ्वीराज नुकताच आयटीआय होऊन पारावर मोबाइल बघत बसला होता.

नोटीस वाचून सगळ्यात आधी भडकली ती महेंद्रची पुतणी गौतमी. ती रांजणगावच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात होती.

"काका, हे आमच्याकडं रोज करतात. एक मशीन चालू, एक राखीव. चालू मशीन बंद पडलं की राखीव लावायचं, पडलेलं दुरुस्त करून परत आणायचं. किती दिवस काम बंद पडंल ते आधीच खोटी खोटी वर्षं चालवून बघतात. सिम्युलेशन म्हणत्यात."

"खोटी वर्षं? इथं खरी निघंनात."

"डायरी आणा. डब्यात वर्ष बसवू."

गेल्या तीन वर्षांच्या तीन डायऱ्या निघाल्या. त्यात मोटार सोळा वेळा जळालेली. म्हणजे चालू असताना साठ दिवसांतून एकदा. गौतमीनं डब्यात मक्याचे साठ दाणे टाकले, त्यातल्या एकाला कुंकू लावून लाल केलं. रोजचा एक दाणा काढायचा आणि परत टाकायचा. लाल निघाला की मोटार जळाली. दुसऱ्या डब्यात सोळा चिठ्ठ्या, दर वेळी दुरुस्तीला खरोखर किती दिवस लागले त्याच्या: तीन, पाच, नऊ, एकोणीस. यवतचा वाइंडर जळालेली तार काढून नवी गुंडाळतो, दोन दिवसांत मोटार भरून देतो. बाकीचे दिवस पंचायतीत बिलावरच्या सहीसाठी.

दाणे काढायला बसवली साळूबाईला, महेंद्रच्या आईला.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तू, आजी. कळणारा माणूस लबाडी करतो."

"बया! म्हंजी मी अडाणी म्हणून इमानदार व्हय?" म्हातारी हसली आणि बसली.

आधी साहेबाच्या कागदासारखं खेळले. लाल निघाला की दुसरी मोटार लगेच चालू. पहिली दुरुस्त होऊन यायच्या आत पुन्हा लाल निघाला, तरच नळ कोरडे. दुपारभर साळूबाईच्या बोटांनी पाच वर्षं उपसली. वर्षाला चार-पाच दिवस कोरडे. गौतमीनं तेच मोबाइलवर दहा हजार वर्षं चालवलं. तेवढंच.

मग गौतमीनं नियम बदलला: दुसरी मोटार नाहीच असं समजा. लाल निघाला की चिठ्ठीवर असतील तेवढे दिवस नळ कोरडे. वर्षाला अठ्ठेचाळीस.

"आन् डायरीत खरे किती?"

महेंद्रनं बेरीज आधीच केलेली होती. "तीन वर्षांत एकशे शेहेचाळीस. वर्षाला एकोणपन्नास." त्यानं मांडीवर थाप मारली. "बघ! माझी चूक न्हाई! आकडा बोलतोय!"

गौतमी मात्र डायरी चाळतच राहिली. "आकडा म्हणतोय की दुसरी मोटार नसल्यासारखीच हाय. मग ती सोळा वेळा का लागली न्हाई, काका? ते कुठंच लिहिलं न्हाई."

"जेवून घे तू."

"काका."

"जेवून घे म्हणलं ना!"

साळूबाईनं दाणे डब्यात ओतले आणि उठून आत गेली.

दोघं मोटारघरात गेले. एक ओटा रिकामा, त्यावरची मोटार यवतला. दुसऱ्यावर स्टँडबाय, ताडपत्रीत गुंडाळून दोरीनं आवळलेली, वर तीन खंडेनवम्यांचं हळदकुंकू आणि वाळलेल्या झेंडूचा भुगा. गौतमीनं दोरी कापली. आत घुशीनं वायर कुरतडलेली, लेंड्या, आणि कुबट वास. तिनं शाफ्ट धरून फिरवायचा प्रयत्न केला. दगड.

महेंद्रला तो वास नवा नव्हता. साडेतीन वर्षांपूर्वी ही नवी योजना आली तेव्हा नव्या मोटारीला धूळ लागू नये म्हणून ताडपत्री त्यानंच बांधली होती. महिन्यातून एकदा चालवून बघावी, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. वापरली नाही म्हणजे नवी, असंच त्याला वाटायचं. गावालाही, आणि साहेबाच्या गणितालासुद्धा! सात महिन्यांनी पहिली मोटार जळाली, त्यानं हिचं बटण दाबलं, ही गुणगुणली आणि ट्रिप झाली. बसून बसून जाम.

"तवा कुणाला सांगितलं न्हाई?"

"आनंदरावआबांना सांगितलं. ते म्हणले, योजना पूर्ण झाल्याचा दाखला यायचाय, आत्ता बोलू नको. तुझ्याच अंगावर येईल. झाक तशीच."

"आन् तुम्ही झाकली."

त्यानं झाकली. वर दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी नारळ फोडला. ज्याच्या सांगण्यावरून झाकली, त्याच्याच घरातून आता नोटीस आली होती. त्याला आनंदरावांची किळस आली, आणि लगेच स्वतःची. कुठली जास्त ते ठरवता येईना.

ग्रामसभेत खुलासा करायचा तर दोन वाटा होत्या. डबे दाखवून म्हणायचं, दुसरी मोटार कामाची नाही, मला काही माहीत नाही. किंवा सगळं सांगायचं. गौतमीनं एवढंच विचारलं, "पहिल्या वाटेनं गेलात तर ती मोटार कवा दुरुस्त हुईल?" 

एक मेला झेंडावंदन झालं आणि सभा भरली. वस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊनच आल्या होत्या. महेंद्रनं टेबलावर डबे मांडले.

आनंदराव खुर्चीतून हसले. "हे काय रं महेंद्रा? मक्याचं दुकान टाकतोयस? नोकरी गेल्यावर काय करायचं ते आधीच ठरवलंस वाटतं."

लोक हसले. महेंद्रनं दाणे आणि चिठ्ठ्या समजावून सांगितल्या, चार कुठं आणि अठ्ठेचाळीस कुठं. हसू ओसरलं. मग तो म्हणाला, "आबा, चला मोटारघरात. बटण तुम्ही दाबा."

"मी कशाला?"

"दाबा की आबा," मागून साळूबाई ओरडली. "नारळ फोडाया येता, बटणाला काय हुतंय?"

अर्धी सभा उठून नदीकडं गेली. आनंदरावांनी नाकाला उपरणं लावून हिरवं बटण दाबलं. मोटार गुणगुणली, स्टार्टरनं धाडकन आवाज केला, आणि सगळं गप्प. एक बाई म्हणाली, "हिला कुंकू लावत हुतो व्हय आपण?"

"हे मला कुणी सांगितलंच न्हाई," आनंदराव म्हणाले.

"ह्याच ओट्यापाशी मी सांगितलं. तुम्ही म्हणलात झाक, मी झाकलं."

"लिहून दिलंस? दाखव कागद."

"न्हाई लिहिलं. भ्यालो." महेंद्र लोकांकडं वळला. "मोटार मी चालवून बघितली न्हाई म्हणून ती बसली. बसलेली माहीत असून तीन वर्षं मी तोंड उघडलं न्हाई. एवढी माझी चूक, लिहा. पण आबांची बी लिहा."

बायकांनी हंडे उपडे घातले आणि त्यावर बसकण मारली. लिहिल्याशिवाय उठणार नाही म्हणाल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ग्रामसेवकानं ठराव लिहिला. नोटीस मागं घेतली. दोन्ही मोटारी आठवड्याआड आलटून-पालटून चालवायच्या, वस्तीतल्या दोन बायकांच्या साक्षीनं. स्टँडबाय उद्याच यवतला न्यायची. पंपचालकाला समज दिली. आनंदरावांबद्दल तीन शब्द: 'सविस्तर चर्चा झाली.'

"ह्याला लिहिणं म्हणतात?" गौतमी कडाडली. आनंदराव तोवर गाडीत बसून यवतला कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते.

वस्तीतले लोक महेंद्रच्या पाठीवर थापा मारत होते. जयभीम भाऊ, जिरवली. त्याला ते हात नको झाले. नोकरी राहिली होती आणि तो थापांखालून वाकून घराकडं चालू लागला.

घरी साळूबाई पाठमोरी बसली होती. "सोळा वेळा," ती म्हणाली. "दर बारीला मी इचारायची, कवा येतंय पाणी? तू म्हणायचास, आबा बघत्यात. आन् मी पार त्या रोहिदासाच्या शेतातल्या बोअरवर हंडा घेऊन जायची. ह्या गुडघ्यानं."

"आई—"

"तू त्यांना भ्यालास ते ठीक हाय. मला काय भ्यालास?"

तिनं कोपऱ्यातला हंडा उचलून त्याच्यापुढं आदळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरवरच्या बायकांच्या रांगेत तो एकटा पुरुष होता. कुणी चेष्टा केली नाही, कुणी पुढंही घेतलं नाही. अर्धा किलोमीटर, डोक्यावर चुंबळ, मानेला कळ. असं त्यानं अकरा दिवस आणलं, आईचं आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं. यवतच्या वाइंडरनं पहिली मोटार कधीच भरून ठेवली होती, आणि स्टँडबायही दोन दिवसांत. उरलेले नऊ दिवस आनंदरावांच्या घरी बिलाचा कागद सहीसाठी पडून होता.