खंडेनवमीला पाना मिळेना

नवरात्रात देवीशी भांडू नये, असं माझी आई सांगायची. मी भांडले. घटापुढे बसून, डोळ्यांना पदर लावून, अगदी तोंडावर म्हणाले तिला, "इतकी वर्षं तुझे उपास केले, त्याचं हेच का ग फळ?" आज ते आठवलं की हसूही येतं आणि अंगावर काटाही येतो. घडलं ते जसंच्या तसं सांगते. तो चमत्कार होता की नव्हता, हे ठरवण्याइतकी मी शहाणी नाही.

आमचा एक ट्रक आहे. राहायला पुण्यात, मार्केट यार्डाजवळ. पुढच्या खोलीत ऑफिस, मागे संसार. पूर्वी आम्ही कांदा-बटाटाच वाहायचो. हिंजवडीला कंपन्या उभ्या राहायला लागल्या, तशी जनरेटर, एसीची धुडं अशी भाडी मिळायला लागली. पण तिथे तेव्हा रस्ते कुठले? नुसता चिखल. गाडी रुतली की तिच्या पुढच्या हुकात साखळी अडकवायची आणि जेसीबीने ओढून काढायची, हे रोजचंच. गाडी माझे धाकटे दीर चालवतात. आमचे हे पाठीच्या दुखण्याने स्टिअरिंगवरून उतरले, पण स्वस्थ बसतील तर शपथ! गाडी ओढताना साखळीजवळ उभं राहून हातवारे करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. "अहो, जरा लांब उभे राहा," असं मी किती वेळा सांगितलं असेल. "लांबून काय दुर्बीण लावू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या वर्षी नवरात्रातच गाडी ओढताना हुकाचा एक बोल्ट तुटला आणि बाकीचे ताणले गेले. हुक खुळखुळायला लागला. खंडेनवमीच्या सकाळी हे नवे बोल्ट आणायला नाना पेठेत गेले. दुकानदाराने काळे बोल्ट पुढे केले, यांनी ते परत सारले. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूच्या माळा घालून सजवायची आणि तिच्या नाकावर काळं? छे! यांनी स्टेनलेसचे, आरशासारखे चकचकीत बोल्ट आणले. जाडी तीच, लांबी तीच. मलाही ते आवडले, खोटं कशाला बोलू? सणासुदीला काळं नको, हे आम्हा दोघांच्याही हाडात मुरलेलं.

हे येईपर्यंत मी पूजा मांडून मोकळी झाले होते. पाटावर लाल कापड, त्यावर गाडीचे सगळे पाने, हातोडा, पक्कड, जॅक. वर हळदकुंकू आणि फुलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेत ठेवली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आणि नेमका दुपारी हिंजवडीहून फोन आला. उद्याच्या मुहूर्ताला जनरेटर हवाच, गाडी आजच आणा. हे बोल्ट घेऊन आत आले.

"पाना दे."

"अहो, पूजेत आहे."

"मग काय, दातांनी आवळू?"

मी जागची हलले नाही. हे तणतणत शेजारी मागायला गेले. तिथलेही पाने पूजेत. पलीकडचं गॅरेज, समोरचा टायरवाला, कोपऱ्यावरचा वेल्डर, जिथे जावं तिथे पान्यांवर झेंडूची फुलं! आख्ख्या गुलटेकडीत त्या दुपारी एक मोकळा पाना मिळेना, आणि नवा घ्यावा तर नाना पेठेतली दुकानंही पूजेसाठी बंद झालेली. हे परत आले ते लालबुंद होऊन. बोल्ट टेबलावर आदळले आणि म्हणाले, "तुझ्या देवीनं आज धंद्याला कुलूप लावलं." मुश्किलीने मिळालेलं काम हातचं जाणार, हे दिसतच होतं. मग मी आत जाऊन भांडले, ते हे भांडण.

डोळे पुसून बाहेर आले तो दारात एक मुलगी उभी. शेजारी नागपूरच्या बसचं ऑफिस आहे. बसची पूजा लांबली होती, म्हणून बस सुटत नव्हती, आणि ही प्यायला पाणी मागायला आली होती. पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी तिची बाटली भरून दिली, खुर्ची पुढे केली. तिची नजर टेबलावर गेली. तिने एक बोल्ट उचलला आणि त्याचं डोकं उजेडाकडे वळवून बघितलं.

"काका, हे कुठे लावणार?"

"गाडीच्या हुकाला. का?"

"नका लावू. हे गंजणार नाहीत, पण ओढायच्या कामाचे नाहीत. झटका बसला की ताणतील, तुटतीलसुद्धा. मग हुक साखळीसकट गोळीसारखा सुटेल."

हे म्हणजे पक्के पुणेकर. "आपण पाणी प्यायला आलात की आमची परीक्षा घ्यायला?" पोरगी मुळीच रागावली नाही. हसून म्हणाली, "मेकॅनिकल शिकली काका मी, पोट मात्र कॉम्प्युटरवर भरते. पण खरंच सांगून राहिली. जुना बोल्ट आहे का?"

जुना होता. त्याच्या डोक्यावर दर दसऱ्याला फासलेल्या लाल ऑइलपेंटचे थर. खरवडायला घरात हत्यार नाही, म्हणून यांनी तो नाण्याच्या कडेने घासला. खालून आकडे निघाले, दहा पॉइंट नऊ. "हाच आकडा हवा," ती म्हणाली. "जाडी, लांबी, आटे जुळायला हवेतच, पण ताकद या आकड्यात असते. नटही त्याच तोलाचे आणि नवे घ्या. आणि काका, गाडी ओढताना तुम्ही कुठे उभे राहता?"

मीच सांगून टाकलं, साखळीजवळ. ती यांच्याकडे बघतच राहिली. देवापुढे रडून मी काय मागत होते, तर एक पाना! तो मिळाला असता तर हे संध्याकाळपर्यंत त्या साखळीजवळ जाऊन उभे राहिले असते.

मला भरून आलं. तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "देवीच आलीस ग बाई!" ती बिचारी संकोचली. "नाही काकू, आमच्या घरी देव नाहीत. आम्ही विहारात जातो. उद्या दीक्षाभूमीवर आईबाबा वाट बघतील, म्हणून चाललीय." बाहेर हॉर्न वाजला आणि ती पळाली. नाव विचारायचं राहूनच गेलं. ती देव मानत नाही, हे तिचं खरं. मला ती धाडलेली वाटते, हे माझं. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात गुण्यागोविंदाने नांदतात. ज्यांच्या घरी देव नाहीत, त्यांची लेक माझं कुंकू राखायला आली, आणि मी तिला नुसतं पाणी देऊ शकले.

यांनी हिंजवडीला फोन केला की गाडी आज येत नाही, उद्या सकाळी येईल. पलीकडचा आरडाओरडा मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता, पण काम काही गेलं नाही. दसऱ्याला पूजा उरकून नाना पेठेतल्या दुकानदाराने दुकान उघडलं आणि तोच आकडा असलेले काळे बोल्ट आले. भाऊजींनी ते आवळले, मी त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं आणि गाडी निघाली. दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाऊजींनी परतल्यावर सांगितलं, "वहिनी, चाकं निम्मी आत गेली होती. शेवटच्या झटक्याला हुकच वाकला, पण बोल्ट जागचे हलले नाहीत. आणि दादा आज लांब उभा होता, कुणी न सांगता."

शरण जाणं म्हणजे काय, यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकलीत. मला वाटायचं, आपण मागायचं आणि देवीने द्यायचं, मग आपण हात जोडायचे. तिने दार लावून घेतलं तरी त्या उंबऱ्यावर बसून राहावं, हे मला त्या दसऱ्याला उमगलं.

रात्रीच्या जेवणाआधी हे माझ्याजवळ येऊन बसले. "काल पाना मिळाला असता तर..." एवढंच म्हणाले. नमस्कारापुरते देवघरात डोकावणारे हे, माझा हात धरून देवीसमोर कितीतरी वेळ बसून राहिले. तेव्हापासून तिच्याकडे काही मागायचं मला सुचत नाही. दिवा लावते आणि तिला एवढंच सांगते, हे घरी आहेत.