भुकेनं आलेली माणसं

मी प्याला त्यांच्या ओठांपाशी नेला आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

जुलैतला रविवार. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी. वेदीपुढच्या कठड्याशी माणसं गुडघे टेकून रांगेत बसलेली. माझ्या अंगावर पांढरा झगा, हातात चांदीचा प्याला, प्याल्यात द्राक्षारस. शीलाताईंच्या आधी एक डच आजोबा प्यायले. त्यांच्या आधी एक नायजेरियन बाई. तिच्या आधी सर्दी झालेला एक इंग्रज. दर वेळी मी रुमालानं कड पुसली, प्याला थोडा फिरवला, पुढे सरकले. शीलाताईंनी पाळकांच्या हातून भाकर घेतली होती. प्याला आला तसे त्यांनी ओठ आत ओढून घेतले. डोळे मिटलेले. चेहरा भक्तीचा.

"ख्रिस्ताचं रक्त," मी म्हटलं. म्हणायचंच असतं.

त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. भाजीवालीला नको म्हणताना हलवतात तेवढी.

मी पुढे सरकले. ते माझं सरकणं मला अजून आठवतं. त्यांनी ओठ मिटले त्यापेक्षा जास्त आठवतं.

मी नगर जिल्ह्यातली, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. पणजोबा महार. पाण्याच्या वाटपावर संशोधन करायला मी डचांच्या डेल्फ्ट शहरात आले होते. जिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो ती मुलगी समुद्र उपसून शेतं करणाऱ्यांच्या देशात पाण्याचा अभ्यास करते, यात जो काही विनोद आहे तो माझ्या गाइडनं पहिल्याच दिवशी करून टाकला होता.

रविवारी ट्रेननं शेजारच्या शहरातल्या चर्चला जायचे. अमेरिकन त्याला एपिस्कोपल म्हणत, इंग्रज अँग्लिकन म्हणत, आणि डच लोक नुसतं 'इंग्रजांचं चर्च'. देवावरचा माझा विश्वास तेव्हा तापातल्या भुकेसारखा होता, येऊन-जाऊन. पण लहानपणापासून कानावर पडलेली उपासना दुसऱ्या भाषेत का होईना ऐकू यायची. शिवाय थाटमाट बघायला मला आवडतं, आपण त्याच्यात नसलो की. पुढे पितळी क्रूस, मागे मेणबत्त्या, त्यामागे जरीचे कपडे. उन्हाळ्यात अर्धी मंडळी सुट्टीवर गेली की मिरवणुकीत माणसं जास्त आणि बाकांवर कमी अशी वेळ यायची. तरी मिरवणूक निघायचीच. पाळक इंग्रज होते, भला माणूस. उकाड्यात झग्याखाली सँडल घालायचे आणि कुणाला दिसत नाहीत असं समजायचे.

रिया नावाच्या एका डच विधवेनं मला प्याला धरायला शिकवलं. प्याले, रुमाल, द्राक्षारस, सगळं तिच्या ताब्यात. "तुझा हात स्थिर आहे," ती म्हणाली, "बाकीचे सांडतात." बिशपची परवानगी आली, आणि मी महिन्यातून दोन रविवार प्याला धरायला लागले. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिनं ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आजी असायला पाहिजे होती गं."

शीलाताई पुण्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडी नेसून सायकल चालवणाऱ्या. त्यांचं आडनाव लिहीत नाही. पुण्यात ते आडनाव ऐकलं की लोक बसायला खुर्ची पुढे करतात. "अगं, मराठी का तू!" म्हणून पहिल्याच रविवारी त्यांनी मला मिठी मारली होती. त्यांच्या घरी मी जेवलेही होते. वरण-भात, वर तूप, लिंबाची फोड. जाताना डब्यात शंकरपाळे.

मग जूनमध्ये एकदा, उपासनेनंतर कॉफी पिताना, त्यांनी विचारलं. आधी गाव. मग तालुका. मग, "आणि मूळचे कोण तुम्ही?"

मी सांगितलं. लपवायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. चर्चमध्ये उभे होतो.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुष्काळात आलेले."

मला आधी कळलंच नाही.

"आमचे पणजोबा शास्त्री. मिशनऱ्यांशी वर्षानुवर्षं वाद घातला त्यांनी. ग्रंथ वाचले, पटलं, मग बाप्तिस्मा. आणि तुमच्याकडे कसं, गावंच्या गावं एकदम. कण्या मिळायच्या ना मिशनमध्ये?" त्या हसल्या. "राग मानू नका हं. इतिहासच आहे."

मानू नका. पहिल्या दिवसापासून 'अगं तू' म्हणणारी बाई कॉफीच्या एका कपात 'अहो तुम्ही'वर आली होती. एवढ्या आदरानं मला आजवर कुणी दूर केलं नव्हतं.

रिया शेजारी उभी होती. शीलाताई गेल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाली ती? तुझा चेहरा बघ."

"म्हणाली, माझे पणजोबा उपाशी होते म्हणून ख्रिस्ती झाले."

"मग?" रिया म्हणाली. "महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्या आईनं ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. भुकेची कसली लाज?"

मला हसू आलं. पण घरी येताना ट्रेनमध्ये आजीचं बोलणं आठवत राहिलं. आजी कण्यांची गोष्ट सणासारखी सांगायची. मिशनच्या अंगणात चुलाण, त्यावर मोठं पातेलं, आणि एक गोरी बाई पदर नसलेल्या कपड्यात घामानं निथळत पळी फिरवतेय. पणजोबा लहान होते. रांगेत त्यांचा नंबर आला तेव्हा सवयीनं त्यांनी लांब उभं राहून ओंजळ पुढे केली, वरून टाकतील म्हणून. त्या बाईनं त्यांचा हात धरून जवळ ओढलं आणि वाडगं हातात दिलं. "हाताला हात लावला," आजी एवढंच पुन्हा पुन्हा सांगायची. कण्यांना चव होती की नव्हती ते तिनं कधी सांगितलं नाही.

मी बरंच वाचलेलं आहे. अपमानाची पुस्तकं तर रांगेनं वाचलेली. त्यामुळे माझी एक समजूत झाली होती की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला कुणी वेगळ्या कपात चहा दिला नव्हता. विहिरीवरून हाकललं नव्हतं. माझ्या वाट्याला आलं ते दोन प्याल्यांचं.

आमच्या चर्चमध्ये एरवी दोन प्याले असायचे. कठड्याच्या डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. कॉफीच्या त्या रविवारनंतर मी डावीकडे असले की शीलाताई उजवीकडे गुडघे टेकायच्या. पुढच्या खेपेला मी उजवीकडे होते. त्या उठून डावीकडे गेल्या, वाटेत दोघांना ओलांडून. तिकडे प्याला रियाच्या हातात होता. त्या निवांत प्यायल्या. त्यांच्या आधी निम्म्या चर्चची तोंडं त्या प्याल्याला लागली होती. ते उष्टं चाललं. हात चालत नव्हता.

जुलैत रिया कॅराव्हॅन घेऊन फ्रान्सला निघाली, सगळे डच जातात तशी. जाताना तिनं मला कपाटाची किल्ली दिली. प्याला, रुमाल सगळं त्या कपाटात. "हरवू नकोस," ती म्हणाली. "आणि कुणाला देऊ नकोस. पाळकाला तर मुळीच नको. त्याची त्यानं आधीच हरवली आहे."

आता चर्चमध्ये प्याला एक आणि तो धरणारीही एकच. शीलाताईंना पलीकडे जायला जागा उरली नाही. म्हणून त्यांनी तोंड मिटलं.

पहिल्या रविवारी मी पुढे सरकले. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारानंतर पाळकांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. खिडकी उघडी होती, बाहेर सायकलींच्या कुलपांचा आवाज येत होता.

"शीलाशी माझं बोलणं झालं," ते म्हणाले. "मला आधी वाटलं जंतूंची काळजी असेल. पण ती म्हणाली, हे तुमच्याकडचं सांस्कृतिक आहे. फार नाजूक. घराण्यांचं वगैरे." ते खरोखर कासावीस झाले होते. "तुमच्या संस्कृतीत मी ढवळाढवळ करणं बरोबर नाही."

मी झग्याची घडी घालत राहिले.

"रिया येईपर्यंत प्याला शीला धरेल. तिच्याकडेही जुनी परवानगी आहे. तू वाचन कर. तुझा आवाज सगळ्यांना आवडतो. तू समजूतदार आहेस, म्हणून तुला विचारतोय."

"विचार करते," मी म्हटलं.

फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडे पंख्याचा आवाज.

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "मोठी माणसं आहेत. परक्या देशात वाद कशाला? वाचन काय कमी आहे का? तू समजूतदार आहेस."

पाळकांनी इंग्रजीत म्हटलेलं आईनं मराठीत म्हटलं. दोघांचंही माझ्यावर प्रेम होतं. आणि दोघांनाही माहीत होतं, वाद टाळायचा तर कुणाला सरकायला सांगायचं. शीलाताईंना कुणी सांगितलं नाही की तुम्ही समजूतदार आहात. त्यांना तशी गरजच नव्हती.

मग मला ते दिसलं. मला कुणीही ढकललेलं नव्हतं. प्याला घेऊन मी स्वतः पुढे सरकले होते, तीन रविवार, घाईघाईनं, त्यांना अवघडायला नको म्हणून. लांब उभं राहून ओंजळ पुढे करायची सवय पणजोबांची त्या अंगणात सुटली होती. माझी पीएचडी होत आली तरी सुटली नव्हती.

आईला म्हटलं, "आई, सरकायचं मी बंद केलंय." आई काहीतरी म्हणत होती. कार्ड संपलं.

पुढचा रविवार ऑगस्टमधला. इतका उकाडा की चर्चची दारं सताड उघडी. ऑर्गन वाजवणारे सुट्टीवर, म्हणून गाणी नुसत्या तोंडानं, आणि इंग्रज नुसत्या तोंडानं गातात तेव्हा पश्चात्ताप केल्यासारखे गातात. मी लवकर जाऊन कपाट उघडलं होतं. झगा घालून, प्याला मांडून उभी. पाळकांनी मला बघितलं. मग घड्याळाकडे. मिरवणूक निघायची वेळ झाली होती.

शीलाताई गुडघे टेकून बसल्या. भाकर घेतली. मी समोर आले.

"ख्रिस्ताचं रक्त, तुमच्यासाठी सांडलेलं." या वेळी मराठीत.

ओठ आत. मान हलली.

मी तिथेच उभी राहिले.

डोळे मिटलेल्या माणसालाही समोर कुणी उभं आहे ते कळतं. रांगेतलं गाणं संपलं. कुणी दुसरं सुरू केलं नाही. शीलाताईंनी एक डोळा उघडला.

"पुढे जा," त्या कुजबुजल्या.

"जाते. तुम्ही का पिणार नाही, एवढं सांगा. मोठ्यानं. इंग्रजीत."

"हे काय चाललंय? देवाच्या घरात—"

"तेच विचारतेय. सगळ्यांना कळू दे. मला कळलेलंच आहे."

चेहरा लाल झाला त्यांचा. पाळक भाकरीची तबकडी धरून पलीकडे पुतळ्यासारखे. शीलाताईंच्या शेजारी तीच नायजेरियन बाई होती, थोराड, डोक्याला पिवळा फेटा बांधलेली. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. मराठीतलं अवाक्षर तिला कळलं नसणार. पण तिनं अशी उभी राहिलेली माणसं आधी पाहिली असावीत.

"सिस्टर," ती मला म्हणाली, चांगली मोठ्यानं, "मला तहान लागलीय. पण तुझं होऊ दे. मी थांबते."

शीलाताई उठल्या. साडी सावरली, मधल्या वाटेनं उघड्या दारातून बाहेर उन्हात गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही, मीही नाही. मग मी एक पाऊल पुढे टाकलं. ते सरकणं नव्हतं.

या उपासनेचा एक नियम आहे. प्याल्यात उरलेलं ओतून देत नाहीत. धरणाऱ्यानं ते संपवायचं, सगळ्यांसमोर. सगळ्यांच्या ओठांचं, सर्दीचं, दाढीमिशांचं ते उष्टं मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. या धर्माचा मुख्य विधीच मुळी खाण्यापिण्याचा आहे. ग्रंथ वाचून आलेल्यांना तो पटत असेल. भुकेनं आलेल्यांना तो कळतो.

बाहेर शीलाताई सायकलीचं कुलूप काढत होत्या. मला बघून थांबल्या.

"तू माझा अपमान केलास. चारचौघांत."

तू. परत 'तू'वर आल्या होत्या. पण हा पहिला 'तू' नव्हता.

"मी प्याला दिला, ताई. अपमान तुम्ही घरून आणला होता."

त्या गेल्या. मागून पाळक आले, कपाळ पुसत. झग्याखाली सँडल.

"थोडे दिवस जाऊ देत," ते म्हणाले. "सगळे शांत होऊ देत. कपाटाची किल्ली तेवढी माझ्याकडे दे."

"नाही देणार."

"हे बघ—"

"रियानं सांगितलंय, तुम्ही हरवता. आणि मला काढायचंच असेल तर रविवारी वेदीपुढे उभं राहून काढा. कारण सांगून. तिथं 'सांस्कृतिक' हा शब्द चालणार नाही. जात म्हणावं लागेल."

त्यांनी पुन्हा कपाळ पुसलं. भला माणूस होता, आणि भल्या माणसांना मोठ्यानं म्हणता न येणारे शब्द फार असतात.

स्टेशनवर आले. गाडीला वेळ होता. किल्ली मुठीत होती, घामानं ओली. खिशात टाकली नाही. पुढच्या रविवारी कपाट मीच उघडणार होते, आणि मला ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचं कारण मला सांगून जावं लागणार होतं.