तरव्याची जागा

साल २०१९. मी बहात्तर वर्षांचा. श्रावणात बायको गेली. तिची तिरडी खांद्यावर घेऊन भर पावसात मी गावच्या मसणशेडीच्या फाटकाशी उभा होतो. शेड रिकामी. आत कोरडं ठणठणीत. फाटकाला कुलूप. किल्ली गावच्या मानकऱ्याकडे. तो छत्री घेऊन आला. माझ्या पोराच्या वयाचा.

"काय रे, तुमची जागा खाली आसा मां? हंय कित्याक इलंस?"

"खाली भरती येतली. आजच्या दिसाक शेड देवा."

"आज तुका दिली तर उद्या आख्खी वाडी येतली."

कुलूप निघालं नाही. त्या शेडीचे चिरे माझ्याच खांद्यावरून चढले होते. तेव्हा कुणी म्हटलं नाही, तुमची जागा खाली.

खाली म्हणजे खाडीची पुळण, काठची वाळू. आमच्या वाडीचं मसण तेच. ओली लाकडं, वर डिझेल. चिता धड पेटेना. संध्याकाळी भरती आली, होती ती आगही विझवून गेली. अर्धी जळालेली बायको मी पाण्यातून ओढून काढली. ह्याच हातांनी. चादरीत गुंडाळली, माडाखाली ठेवली, बाजूला बसलो.

बसल्या बसल्या शेत आठवलं. शेत कसलं, खोताचा कातळ. बाप कूळ. कायद्यानं तो तुकडा बापाच्या नावावर झाला तेव्हा खोत हसला होता, "खा आता कातळ!" आईबापानं डोक्यावरून माती वाहिली. कातळावर भात उभं केलं. वरच्या कोपऱ्यात तरवा, म्हणजे रोपं काढायची जागा. पेरणीआधी दरवर्षी बायको तिथं पातेरा, सुका पालापाचोळा, पसरून जमीन भाजायची. काडी तीच लावायची. मला हात लावू देत नसे.

सोबतीला थांबलेल्या पुतण्याला म्हटलं, हिला तरव्यात जाळायची. ह्यापुढं वाडीचं मसण तेच.

तो दचकला. "काका, शेत बाटतला!"

"बाटांदे. आमी बाटलेलेच मां?"

त्या जागेला फाटक नसणार. मानकऱ्याच्या घरचं मढं आलं तरी अडवणार नाही. फक्त चिरे त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून आणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठा मोडला. पत्रे काढून तरव्यात चार खांबांवर चढवले. वासे कोरडे होते, त्यांची चिता रचली. बायकोला पुन्हा खांद्यावर घेतलं. मागच्या वाटेनं नाही, मानकऱ्याच्या अंगणासमोरून आणलं. काडी मी लावली.