माणसं बसल्याशिवाय

गाडीखालचा शेवटचा बोल्ट आवळायच्या आधी वस्ताद मालकाला सांगत, "घरची माणसं घेऊन या." लोकांना वाटे, पूजाबिजा करायची असेल. एक गृहस्थ तर नारळ घेऊन आले होते. वस्तादांनी तो खिडकीत ठेवला आणि त्यांच्या बायकोमुलांना गाडीत बसवलं.

उद्यमनगरातलं त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड आणि जमिनीत खणलेला खड्डा. गाडी वर, वस्ताद खड्ड्यात. गिऱ्हाइकाशी बोलणं तिथूनच चाले, त्यामुळे आवाज कायम चढा. समोर कुणीही असो, त्यांच्यासाठी तो पावणं.

मी पहिल्यांदा गेलो तो शहाणपणा पाजळायला. चाकं गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या सांध्यात रबरी बुश असतात. खड्ड्याचा दणका आधी ते खातात. माझ्या जुन्या गाडीचे दरवर्षी फाटायचे. एका मित्रानं पॉलियुरेथेनचे सुचवले. कडक, लालभडक, फाटायचं नाव नाही. ते हातात घेऊनच मी वस्तादांकडे गेलो.

"मागं कोण बसतंय?" त्यांनी विचारलं.

"आई. कमरेचं ऑपरेशन झालंय तिच्या."

"मग हे न्हाय बसवायचं. घाटात गाडी पळवणाऱ्या पोरांना मी सोता बसवून देतो की. पर दणका कमरंला बसतोय, पावणं!"

मला राग आला. गाडी माझी, पैसे माझे, आणि हा माणूस खड्ड्यातून मला शिकवणार! दुसरीकडे जाऊन मी ते बसवून घेतले.

आईला नेसरीला जायचं होतं. तिची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, अंथरुणाला खिळली होती. निघालो. स्टिअरिंग झकास चालत होतं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आई मागे गप्प. कागल आलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. "फिरव गाडी," ती म्हणाली. "अक्काला कळव, माझं येणं आता होत नाही." ती रडत होती. मला माझीच लाज वाटली.

मान खाली घालून वस्तादांकडे गेलो. आता सगळ्या उद्यमनगरासमोर माझा उद्धार होणार, याची खात्री होती. ते एवढंच म्हणाले, "मावशींना आणलंय न्हवं?" मावशी म्हणजे माझी आई; तिला आणलं नव्हतं. जाऊन घेऊन आलो.

लाल बुश निघाले, रबरी बसले. मग त्यांनी आईला मागे तिच्या नेहमीच्या जागी बसवलं, मला स्टिअरिंगवर. "चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की गाडीवर वजन आल्यावर रबराला पीळ बसतोय, मग फाटतंय," खड्ड्यातून आवाज आला. "तुमचं दरसाल का फाटत हुतं, कळलं न्हवं? मावशी, अवघडून बसू नका. पिशवी मांडीवर घेता व्हय? मग घ्या की." आईनं पिशवी घेतली. त्यांनी बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नेसरीची वाट धरली. कागल गेलं. मागून हूं नाही की चूं नाही. मागच्या खेपेलाही असंच झालं होतं. आरशात पाहिलं तर आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मला इतकं हलकं वाटलं की गाडी थांबवून चहा प्यावासा वाटला; तिला जाग येईल म्हणून थांबलो नाही. दुपारभर दोघी बहिणी हातात हात घेऊन बोलत होत्या. वस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "येताना बी झोपल्या?"

पुढे गुडघे खड्ड्यात उतरू देईनात, तेव्हा शेड बंद करून ते मुलीकडे गारगोटीला गेले. उद्यमनगरातून जाताना त्यांचा चढा आवाज कानाला अजून हवा असतो.

गेल्या महिन्यात बुश बदलायला नव्या गॅरेजात गेलो. तिथं खड्डा नाही, चकाचक लिफ्ट आहे. गाडी हवेत, चाकं लोंबकळत, आणि मेकॅनिकनं बोल्टला पाना लावला. मी तोंड उघडणार एवढ्यात गिऱ्हाइकांच्या बाकड्यावरून आई ओरडली, "अहो पावणं, थांबा! गाडी खाली घ्या. मला आधी बसू द्या."

आणि पिशवी उचलून ती उभी राहिली.